एक लांब, तीन आखूड

लोखंड किती उरलंय हे सांगण्यावर मी आयुष्यभर पोट भरलं. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला, "काका, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहून द्या ना!" मी म्हटलं, बाई, गंजलेल्या टाक्यांमध्ये गमती कुठून आणू? तर म्हणाल्या, "तुम्ही लिहा तर, आम्ही शोधून काढू." तेव्हा ही जबाबदारी आता त्यांची.

काम काय ते आधी सांगतो, कारण ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये चाळीस वर्षं राहूनही आमच्या निम्म्या मित्रमंडळींना मी प्लंबिंगचं काहीतरी करतो असंच वाटत आलं आहे. तेलाची टाकी, रिफायनरीतला पाइप, जहाजाचा पत्रा, या सगळ्यांची एकच बाजू आपल्या हाताला लागते. दुसरी बाजू आत, तेलात नाहीतर पाण्यात. गंज आतून खात असतो आणि बाहेरून रंग छान चकचकीत दिसतो. भोक न पाडता आतलं खरं सांगायचं, हा आमचा धंदा. पत्र्यावर थोडं जेल चोपडायचं, त्यावर बाटलीच्या बुचाएवढा प्रोब टेकवायचा. प्रोब एक आवाज सोडतो, तो आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो पत्र्यातून जातो, पलीकडच्या बाजूवर आपटतो आणि परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र जाडीचा आकडा दाखवतं. आपण तो आकडा पिवळ्या खडूने पत्र्यावर लिहायचा आणि पुढे सरकायचं. दिवसाला दोनशे आकडे.

या कामात गिऱ्हाइकं एकेक भेटली. एका पास्टरने मला चर्चची घंटा मोजायला बोलावलं होतं. घंटेला काही झालं नव्हतं, त्याला फक्त तिच्याबद्दल काळजी वाटत होती. एका रिफायनरीतल्या सुपरवायझरने मी प्रोब टेकवायच्या आधीच माझा हात धरला. म्हणाला, "तिथे नको. तिथे आम्हीही हात लावत नाही." मी नुसतं जेल लावलं तर पाइपमधून वाफेची पिचकारी उडाली. असे लोक खरे जाणकार. त्यांना यंत्र लागत नाही.

पण लिहायचं आहे ते एका जुन्या विनाशिकेबद्दल. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, निम्मं माहीत आहे.

ऐंशीच्या दशकातले ते दिवस. तेलाचा धंदा बसला होता आणि दर शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये कुणाची ना कुणाची नोकरी जात होती. आमच्या ऑफिसात निम्मी टेबलं रिकामी झाली होती. अशा वेळी मिळेल ते काम घ्यायचं. गॅल्व्हस्टनच्या खाडीत एका आडबाजूच्या धक्क्याला त्या विनाशिकेचा जुना सांगाडा बांधलेला होता. तो ब्राउन्सव्हिलला भंगारात काढायला न्यायचा होता. दुसऱ्या बोटीने समुद्रातून ओढत न्यायचा, दीड-दोन दिवसांचा प्रवास. पत्रे तेवढं सोसतील का, आणि प्रवासात पंप बघायला त्यावर माणसं बसवली तर चालतील का, हे मी सांगायचं. माझी सही झाली तर माणसं बसणार. नाही झाली तर तिला धक्क्यालाच कापायची.

जानेवारी महिना होता. तिकडे हिवाळ्यात खाडीवर समुद्राचं धुकं येतं, आणि आलं की दुपारी बारालाही दिवे लावून गाडी चालवावी लागते. मी पोचलो तेव्हा धक्का दिसत होता, पण जहाज दिसत नव्हतं. मग धुक्यातून तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर आली, अगदी सुरीसारखी अरुंद. एवढं लांब आणि एवढं बारीक जहाज मी पाहिलं नव्हतं. जहाजावर चढायच्या फळीच्या टोकाला एक म्हातारा उभा होता. अंगात जाड निळा स्वेटर, हातात छोटा हातोडा.

त्याचं नाव अर्ल. तो तिथला वॉचमन होता, वय पंच्याऐंशीच्या आसपास. पहिल्या महायुद्धात, अठरा वर्षांचा असताना, तो याच जहाजावर बॉयलरपाशी कामाला होता. माझं आडनाव पाटील, ते त्याने पहिल्या मिनिटात 'पॅट' करून टाकलं.

"पॅट, हिची तीन नावं झाली," असं सांगत तो मला आत घेऊन गेला. नौदलात तिला एका शूर कॅप्टनचं नाव होतं. चार धुराडी, तोफा, टॉर्पेडो, आणि वेग असा की मागून पाणी भिंतीसारखं उभं राहायचं. वेगासाठी पत्रे मुद्दाम पातळ ठेवलेले, कुठेकुठे तर इंचाचा आठवा भाग. युद्ध संपल्यावर नौदलाने बरीच वर्षं तिला नुसती बांधून ठेवली आणि मग विकली. विकत घेणाऱ्याने बॉयलर कमी केले, तोफा काढल्या आणि तिला केळी वाहायला लावली. तेव्हा नाव एका बाईचं होतं, बहुधा मालकाच्या बायकोचं. केळी पिकायच्या आत बंदरात पोचायला वेग हवा, म्हणून विनाशिका! मी मूळचा सावद्याचा, घरची केळीची बाग. लढाऊ जहाजाने केळी वाहिली हे ऐकून मला हसू आलं. पुढे इंजिनही काढलं, मग ती नुसता तराफा झाली आणि नावाच्या जागी नंबर आला. अर्ल या प्रत्येक मालकाकडे हिच्याबरोबर गेला होता. लग्न नाही, घर नाही. मी विचारलं, एवढं काय आहे हिच्यात? तो खाली जाणाऱ्या शिडीकडे वळला.

खाली उतरलो आणि मी जागीच थांबलो. केळ्यांचा वास येत होता. पिकलेल्या केळ्याचा नव्हे, घड कापल्यावर खोडातून चीक गळतो त्याचा, ओला आणि तुरट. तो वास बागेत वाढलेल्या माणसालाच कळतो. केळी वाहणं थांबून तेव्हाच चाळीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती. मी अर्लकडे बघितलं.

"तुला पण येतो ना?" तो म्हणाला. "धुकं असलं की येतो. मला कोणी खरं मानत नाही."

मी कामाला लागलो. तो माझ्यामागे फिरत होता आणि मी जिथे प्रोब टेकवीन तिथे नंतर हळूच हातोडी मारून कान देत होता. जुने तपासनीस असंच करायचे. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. मी तेव्हा पस्तिशीचा होतो, हातात नवं डिजिटल यंत्र होतं. हातोडीचं मला हसूच आलं.

आकडे येऊ लागले. एकशे एकवीस. एकशे चोवीस. एकशे अठरा. हे इंचाचे हजारावे भाग. अर्लकडे एका पत्र्याच्या पेटीत जहाजाचे मूळ नकाशे होते. त्यात त्या पत्र्यांची जाडी होती एकशे पंचवीस. मी पुन्हा मोजलं. सगळीकडे तेच. पासष्टहून जास्त वर्षं खाऱ्या पाण्यात उभी असलेली बोट काल कारखान्यातून निघाल्यासारखी मोजमाप देत होती. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण काटा आला तेव्हा थांबायचं असतं, आणि मी थांबलो नाही. मी स्वतःची समजूत घातली. पूर्वीचं पोलाद वेगळंच असणार, अर्लने निगा चांगली राखली असणार. इतके चांगले आकडे मिळाल्याचा आनंदही होता. गाडीच्या डिकीत पातळ पत्र्यांसाठीचा वेगळा प्रोब होता. धुक्यात ती निसरडी फळी पुन्हा ओलांडून जायचा मला कंटाळा आला.

"काय म्हणतंय तुझं मशीन?" अर्लने विचारलं.

"म्हणतंय, बोट नवीकोरी आहे."

तो बराच वेळ गप्प राहिला. हातोडी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "मशीन म्हणतंय तर असेल." आणि लगेच, "म्हणजे तिच्यावर बसून मला जाता येईल?"

"पंप चालवता येतो ना? मग काय हरकत आहे?"

त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आनंद समजलो.

शुक्रवारी शेवटची तपासणी. जहाज ओढायच्या आधी आतली सगळी पाणबंद दारं बंद करायची असतात, म्हणजे एका खणात पाणी शिरलं तरी पुढे जात नाही. दारं जाड लोखंडाची, प्रत्येकाला सहा खिट्ट्या. मी यादी हातात घेऊन एकेक दार अर्लकडून बंद करून घेत होतो. अगदी पुढच्या खणाच्या दारापाशी तो थांबला.

"हे तू लाव, पॅट. मी हे एकदा लावलंय."

आणि तिथे उभ्याउभ्याच त्याने सांगितलं. युद्धात, अटलांटिकमध्ये, अशाच धुक्यात त्यांच्याच ताफ्यातलं एक मालवाहू जहाज हिच्या नाळेवर आदळलं. पुढच्या खणात तिघं झोपलेले होते. पाणी आत घुसलं. दाराजवळ अर्ल होता आणि वरून ओरडा झाला, दार लाव! त्याने लावलं, सहाच्या सहा खिट्ट्या. दार लावलं म्हणून जहाज तरंगत राहिलं आणि बाकीचे शंभर जण घरी गेले. त्याला शाबासकी मिळाली.

"ते आतून ठोठावत होते," अर्ल म्हणाला. "पुष्कळ वेळ. मी हात दारावर ठेवून उभा होतो. मला वाटलं, निदान तेवढं त्यांना कळावं."

 मी दार ढकललं आणि खिट्ट्या आवळल्या. सहावी आवळत असताना तळहाताला काहीतरी जाणवलं. टक. टक. टक. पलीकडून. आता लोखंड थंड होताना किंवा तापताना असं वाजतं, मी हजार वेळा ऐकलंय, कुणाही इंजिनिअरला विचारा. मी अर्लकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता. मी यादीवर खूण केली आणि सही केली. वर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि बाहेर तर थंडी होती.

रविवारी सकाळी बोट निघाली. तिच्यावर अर्ल आणि त्याच्या जोडीला रुबेन नावाचा एक अनुभवी खलाशी होता. त्याच रविवारी दुपारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

बायकांना वाण म्हणून सुनंदाने भारतातून स्टीलच्या दोन डझन छोट्या ताटल्या आणल्या होत्या, माझ्या सुटकेसमधले कपडे काढून. टेबलावर त्यांची चळत, बाजूला तिळगूळ, हॉलमध्ये पंधरा-वीस बायका आणि फॅमिली रूममध्ये त्यांना ड्राइव्ह करून आणलेले नवरे. माझं यंत्र कोपऱ्यात होतं. देशमुखकाका, आमच्यातले सगळ्यात जुने डॉक्टर, त्यांचं तिकडे लक्ष गेलं.

"अरे यार, हे काय नवीन गॅजेट? ब्लडप्रेशर बघतोस की काय टाक्यांचं?"

"तसंच समजा काका. जाडी मोजतं."

"मग हिची मोज ना," असं म्हणत त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, "घरी चला, मग सांगते." हशा पिकला. माझी नऊ वर्षांची तेजू एक ताटली घेऊन आली. "बाबा, डू धिस वन!"

मी जेल लावलं, प्रोब टेकवला. आकडा आला. मी तेजूला मोठ्याने वाचून दाखवला.

सुनंदा कुंकवाचा करंडा घेऊन शेजारून जात होती. ती थबकली. "एवढी जाड? काहीतरीच काय! मी दुकानात दहा प्रकार बघितले. बॅगेत वजन नको म्हणून सगळ्यात पातळ घेतल्या. हे बघा." आणि तिने ताटली दोन्ही हातांनी धरून सहज वाकवली.

मी पुन्हा प्रोब टेकवला. यावेळी तिसराच आकडा आला, आधीपेक्षा मोठा. तेजू म्हणाली, "इट कान्ट मेक अप इट्स माइंड."

मी प्रोब तिथेच खाली ठेवला. कारण हे आम्हाला शिकवलेलं असतं, पहिल्या आठवड्यात. पत्रा फार पातळ असला तर आवाज इतक्या लवकर परत येतो की यंत्र तोवर ऐकायला तयारच नसतं. पहिला आवाज निसटतो. मग तोच आवाज पत्र्यात पुन्हा जाऊन दुसऱ्यांदा परत येतो, तो यंत्र पकडतं आणि दुप्पट जाडी दाखवतं. एकशे एकवीस म्हणजे खरे साठ. बोटीचे पत्रे नवेकोरे नव्हते. निम्मे उरले होते. दुप्पट करून ते नेमके मूळ आकड्याला जाऊन बसले होते. आणि अर्लला ते माहीत होतं. बद्द आवाज त्याने प्रत्येक ठिकाणी ऐकला होता. मशीन म्हणतंय तर असेल, असं म्हणण्याआधी तो एवढा वेळ गप्प का होता ते मला तेव्हा कळलं.

मी सुनंदाला बेडरूममध्ये बोलावून सांगितलं. म्हटलं, फोन केला तर माझी चूक कागदावर येईल, आणि सोमवारी माझंही टेबल रिकामं होईल. कदाचित बोट पोचेलही. समुद्र शांत आहे.

"त्या बोटीवर माणसं आहेत ना?" ती म्हणाली. "मग फोन करा आधी. नोकरीचं नंतर बघू." हळदीकुंकवाची बोटं तिने माझ्या बाहीला पुसली आणि बाहेर गेली.

बोटीच्या मालकाने फोन उचलला नाही. ओढणाऱ्या टगबोटीच्या कंपनीचं ऑफिस गॅल्व्हस्टनला होतं. तिथे डोरिस नावाची बाई रेडिओवर बसलेली असे. तिला मी सगळं सांगितलं, माझी चूक आहे हेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तू इकडे ये. कॅप्टनला तुझ्याशी बोलायचं असेल." तासाभराचा रस्ता. गॅल्व्हस्टनचं बेट जवळ आलं तसं धुकं इतकं दाटलं की पुलावर पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते.

मी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. डोरिसने रेडिओचा स्पीकर मोठा केला. टगबोटीचा कॅप्टन सांगत होता की दोर आखडून बोट जवळ घेतली आहे, ती पुढून थोडी दबलेली दिसते, रुबेन उतरला आहे, आणि म्हातारा उतरायला तयार नाही.

मी माइक घेतला. म्हटलं, अर्लला सांगा, पॅट म्हणतोय की मशीन चुकलं. मी चुकलो. त्याने उतरायलाच हवं.

बराच वेळ नुसती खरखर. मग कॅप्टन म्हणाला, "तो म्हणतो, त्याला माहीत आहे."

"मग त्याला म्हणावं, तो बुडाला तर त्याच्या मृत्यूवर माझी सही असेल. त्याने एकदा दार लावलं होतं ना? तसं ओझं दुसऱ्या कुणाला आयुष्यभर वागवायला लावू नये."

हे मी का बोललो, कसं सुचलं, मला ठाऊक नाही. बोलल्यावर लाजही वाटली. पाच-सात मिनिटांनी कॅप्टनचा आवाज आला, "उतरला. दोघं माझ्याकडे आहेत. सांगाड्यावर आता कोणी नाही." डोरिसने वेळ लिहून घेतली. मी खुर्चीत बसलो.

आता एक नियम सांगायला हवा, जो मला तेव्हा माहीत नव्हता. धुक्यात दुसरं जहाज ओढणारी बोट ठरावीक वेळाने भोंगा वाजवते: एक लांब, दोन आखूड. तिच्या मागच्या जहाजाने लगेच उत्तर द्यायचं असतं: एक लांब, तीन आखूड. पण ते फक्त मागच्या जहाजावर माणूस असेल तरच. रिकाम्या जहाजाने गप्प राहायचं. अर्लजवळ त्यासाठी हाताने दाबायचा जुना पितळी भोंगा होता. उतरताना तो त्याने डेकवरच ठेवला होता.

कॅप्टन रेडिओवर पुढचं बोलत होता आणि त्याच्या आवाजामागून त्याच्या बोटीचा भोंगा ऐकू आला. एक लांब, दोन आखूड. आणि मग मागून, लांबून, धुक्यात भिजलेला दुसरा आवाज आला. एक लांब. आखूड. आखूड. आखूड.

कॅप्टन बोलायचा थांबला. डोरिसचं पेन कागदावर तसंच राहिलं.

"दोघंही तुमच्याकडे आहेत ना?" तिने विचारलं.

"दोघंही समोर उभे आहेत."

"मग इको असेल," डोरिस म्हणाली.  आयुष्यभर ज्याने परत येणारा आवाजच विकला, त्याला एवढं कळतं. पाठवाल तेच परत येतं. तीन पाठवले तर तीन, दोन पाठवले तर दोन. पण त्याच दिवशी दुपारी मी माझ्या यंत्राला एका ताटलीचे भलतेच आकडे सांगताना पाहिलं होतं, तेव्हा शपथेवर मी काय सांगणार?

तसं उत्तर आणखी दोनदा आलं. दुसऱ्यांदा कॅप्टनने माइकचं बटण दाबून ठेवलं होतं, बहुधा आम्हीही ऐकावं म्हणून. त्यानंतर पाऊण तासाने बोट पुढून खाली गेली. दोर तोडावा लागला. कॅप्टन म्हणाला, इतक्या लवकर ती बुडायला नको होती, एका खणात पाणी होतं, बाकीचे खण बंद होते. भोंग्याबद्दल त्याने नोंदवहीत काही लिहिलं नाही. डोरिसनेही नाही.

चौकशी झाली. पुढच्या खणाचा पत्रा दोराच्या ओढीने फाटला, पत्रा पातळ होता, तपासणी चुकीची होती. सगळं खरं. मी सगळं कबूल केलं. नोकरी गेली नाही, पण जहाजांचं काम मला पुन्हा कुणी दिलं नाही. उरलेली वर्षं मी जमिनीवरच्या टाक्या मोजल्या. जिथे जिथे आकडा फार चांगला आला, तिथे तिथे दुसरा प्रोब आणायला गाडीपर्यंत गेलो. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं मला हसायची. अजूनही माझ्या बॅगेत एक छोटा हातोडा असतो.

अर्लला टेक्सस सिटीतल्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. मी महिन्यातून एकदा जायचो. पहिल्या दोन भेटींत तो माझ्याशी बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला वाटलं, याचा जीव वाचवून मी याचं काहीतरी हिरावून घेतलं आणि तो मला माफ करणार नाही. सुनंदाने दिलेले लाडू मी टेबलावर ठेवून यायचो. तिसऱ्या भेटीत डबा रिकामा होता.

"पॅट," तो म्हणाला, "तुझ्या पत्र्याने नाही बुडाली ती."

मी स्टूल ओढून जवळ बसलो.

"पत्रा फाटला हे खरं. पण फक्त पुढचा खण भरला असता. नाक खाली घालून ती ब्राउन्सव्हिलपर्यंत गेली असती. तू दार नीट लावलं होतंस, सहाच्या सहा खिट्ट्या." तो थांबला. त्याचे हात चादरीवर होते, आणि बोटं खिट्टी सोडवल्यासारखी हलत होती. "रविवारी सकाळी, निघाल्यावर, रुबेन वर होता. मी खाली गेलो. ते ठोठावत होते. मी सहाही सोडल्या, दार सताड उघडलं आणि खाली पाचर मारली. पुन्हा लावायला लागलं असतं तर मला जमलं नसतं."

चौकशीवाल्यांना हे सांगायला हवं होतं. माझ्या नावावरचा डाग निम्मा तरी पुसला गेला असता. मी सांगितलं नाही. पत्रा पातळ होता आणि मी जाड म्हटलं, हे तर काही बदलत नव्हतं. आणि पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला आता कोण काय विचारणार होतं? आज अर्ल नाही, डोरिस नाही, म्हणून लिहितो आहे.

"शेवटी भोंगा ऐकलास तू?" त्याने विचारलं. "मी टगबोटीवर ऐकला, पण मला खरा वाटेना. कॅप्टन म्हणाला, तुम्हालाही रेडिओवर आला असेल."

"ऐकला."

"कसा होता?"

"एक लांब," मी म्हटलं. "आणि तीन आखूड."

तो छताकडे बघत राहिला. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं, ते त्याने पुसलं नाही.

"म्हणजे वर पोचले ते," तो म्हणाला.

आणखी अर्धा तास मी तसाच बसलो होतो. बाहेर खाडीवर पुन्हा धुकं भरत होतं आणि मला शुगर लँडला परत जायचं होतं. उठून त्याच्या हातावर हात ठेवला आणि निघालो. मागून त्याने हाक मारली.

"पॅट, जाताना दार लावू नकोस."

मी ते उघडंच ठेवलं.